वारशाच्या वस्तूंवरून घराण्याचा माग कसा काढावा: गोव्यातल्या घरांसाठी टप्प्याटप्प्याची पद्धत

जुनं घर विकायचं ठरतं, भावंडांत वाटणी होते, किंवा म्हाताऱ्या काकूनंतर खोली रिकामी करायची वेळ येते. मग माळ्यावरचा पेटारा खाली येतो आणि दोन दिवसांत सगळं उरकतं. तांबं चिंचेने घासून लख्ख केलं जातं, फोटो फ्रेममधून काढले जातात, सोनं वजनावर वाटलं जातं, कागद एका पिशवीत कोंबले जातात. घराण्याचा इतिहास लिहायची हौस कोणाला तरी सहा महिन्यांनी येते. तोवर कुठली वस्तू कुठे होती, कोणाची होती, कशासोबत होती हे सांगणारं काहीच उरलेलं नसतं.

चूक हौसेत नसते, क्रमात असते. आधी नोंद, मग चौकशी, मग कागदांशी मेळ आणि शेवटी साफसफाई आणि वाटप, या क्रमाने गेलं तर साधी कळशीसुद्धा बोलते.

## तयारी

पावसाळ्यात हे काम काढू नका. आपल्याकडच्या दमट हवेत कागद चिकटलेले असतात, उलगडताना फाटतात आणि फोटोचा थर सुटतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

साहित्य साधंच आहे. जाड वही, मऊ शिशाची पेन्सिल, मोजपट्टी, सोनाराकडे असतो तसा छोटा वजनकाटा, बॅटरी, मोबाईल, सुती दोरा आणि क्रमांक लिहायला कोऱ्या कापडाच्या पट्ट्या. बॉलपेन, सेलोटेप, स्टेपलर आणि डिंक त्या खोलीत आणूच नका.

याहून महत्त्वाची तयारी माणसांची. घर सामायिक असेल तर सगळ्या वाटेकऱ्यांना आधी सांगा की ही फक्त नोंद आहे, यावरून हक्क ठरणार नाही. शक्य असेल तर वहीच्या पहिल्या पानावर तसं लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. असं न केल्यामुळे, आपण सोन्यावर डोळा ठेवून आलोय अशी शंका एखाद्या वहिनीला आली, की पुढे तिच्याकडून एक शब्दही मिळत नाही. आणि बहुतेक वेळा सगळ्यात जास्त तिलाच ठाऊक असतं.

## १. जागेवरच फोटो, नंतर हात

वस्तू हलवण्याआधी ती जिथे आहे तिथे तिचे फोटो काढा. आधी पूर्ण खोली, मग कपाट, मग कप्पा, मग वस्तू. पेटारा उघडला की वरून खालपर्यंत प्रत्येक थराचा फोटो हवा. करंड्यात सापडलेली नथ आणि त्याच करंड्यात घडी करून ठेवलेली चिठ्ठी यांचं नातं फक्त एकत्र सापडण्यातच असतं. दोन्ही वेगळ्या केल्यात की ते गेलं.

देवघराला सगळ्यात शेवटी हात लावा. टाक, मूर्ती, शाळिग्राम यांची मांडणी पूजा करणाऱ्याला विचारूनच टिपून घ्या. कुठला टाक मध्यभागी आणि कुठला कोपऱ्यात, हीसुद्धा माहिती आहे. कोपऱ्यातला एखादा टाक आजेसासूबरोबर तिच्या माहेराहून आलेला असू शकतो.

तपासणी: फक्त फोटो पाहून प्रत्येक वस्तू परत तिच्या जागी ठेवता येईल का? येत नसेल तर फोटो कमी पडलेत.

## २. घासू नका

हा टप्पा काहीही न करण्याचा आहे, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. चिंच, लिंबू, पितांबरी, ब्रासो यांतलं काहीही सध्या नको.

न्हाणीघरातल्या भाणाच्या (पाणी तापवायच्या भांड्याच्या) बुडावरचा काजळीचा थर, आतली कल्हई, गळ्याजवळ रिव्हेट मारून बसवलेलं ठिगळ, घासून घासून सपाट झालेला टाकावरचा चेहरा, हे सगळे पुरावे आहेत. ठिगळावरून कळतं की नवं घेण्याऐवजी कोणीतरी जुनं सांधून घेतलं. ते का, हे पुढे माणसांना विचारायचं असतं. भांड्यांवर टिंबाटिंबांनी ठोकलेली अक्षरं तर इतकी उथळ असतात की जोरात घासलेल्या भांड्यावर ती हाताला लागतात, पण वाचता येत नाहीत.

धूळ मऊ कोरड्या कापडाने झटका. तेवढं पुरे.

सावधान: सोनाराकडे "जरा चमकवून आणतो" म्हणून काहीही नेऊ नका. नक्षीच्या खाचांतला मळ निघतो आणि त्यासोबत मागच्या बाजूचा ठसाही झिजतो.

## ३. एका वस्तूला एक पान

प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या आणि वहीत एक पूर्ण पान द्या. पानाच्या मध्ये उभी रेघ मारा. डावीकडे फक्त डोळ्यांनी दिसतं ते: धातू, उंची, वजन, अक्षरं, दुरुस्ती, सापडल्याची जागा. उजवीकडे घरात सांगितलं जातं ते, सांगणाऱ्याच्या नावासह आणि तारखेसह.

दोन्ही बाजू एकमेकींत मिसळल्या की काम फसतं. "आजोबांनी आफ्रिकेहून आणलेलं घड्याळ" असं डावीकडे लिहिलंत तर पुढे कोणीही ते पुन्हा तपासणार नाही. डावीकडे लिहा: "भिंतीवरचं लाकडी घड्याळ, तबकडीवर अमुक नाव, मागे अमुक क्रमांक." आफ्रिका उजवीकडे.

## ४. वस्तूवरची अक्षरं, ठसे आणि नाणी वाचणं

इथे घाई नको. बॅटरी वस्तूच्या समोरून न धरता बाजूने, जवळजवळ आडवी धरा. उथळ खाचांच्या सावल्या पडतात आणि अक्षर उठून दिसतं. भांड्यांची अक्षरं बहुधा गळ्याखाली, काठाच्या आतल्या बाजूला किंवा बुडाशी असतात.

आद्याक्षरं. गोव्यात ती देवनागरीतही असतात आणि रोमनमध्येही. रोमन असतील तर पोर्तुगीज वळण लक्षात ठेवा. त्या लेखनात "श" साठी एक्स वापरत, म्हणून शंकर, शांता, शांबा या नावांचं पहिलं अक्षर एक्स. केशवचं क्यू. आडनावांचंही तसंच: शेणैचं सिनाय, प्रभूचं पोरोब, कामतचं कामोतिम. "आमच्यात एक्सवरून नाव असलेलं कोणीच नव्हतं" म्हणून बाजूला ठेवलेलं भांडं खापरपणजोबा शंकरांचं निघू शकतं.

त्याहून मोठी चूक म्हणजे आद्याक्षरं मालकाचीच असतात असं धरून चालणं. लग्नातला आहेर असेल तर अक्षरं देणाऱ्याची असू शकतात: मामा, आत्या, वडिलांचा भागीदार. आमच्याकडच्या एका तांब्याच्या कळशीवर गळ्याखाली अर्धवर्तुळात तीन अक्षरं आहेत आणि त्याखाली "शके १८२९". तिन्ही अक्षरं घरातल्या कोणाशीच जुळत नाहीत. ती आजेसासूच्या माहेरच्या आडनावाशी जुळतात, आणि ते आडनाव आमच्या वंशावळीत कुठेही लिहिलेलं नाही.

शक. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं. पण शक चैत्रात सुरू होतो, म्हणून जानेवारी ते मार्चमधल्या तिथीसाठी ७९ मिळवायचे. शके १८२९ म्हणजे १९०७-०८. आकडे झिजले असतील आणि संवत्सराचं नाव शिल्लक असेल, तरी निराश होऊ नका. संवत्सरं साठ वर्षांनी फिरून येतात. "प्लवंग" वाचता आलं तर वर्ष १८४७-४८, १९०७-०८ किंवा १९६७-६८ यांपैकी एक. यांतलं कुठलं, हे भांड्याच्या घडणीवरून आणि माणसांच्या आठवणीवरून ठरवता येतं.

नाणी. माळेत ओवलेल्या नाण्यांवरचं वर्ष म्हणजे माळेचं वर्ष नव्हे. माळ त्याच्या आधीची असू शकत नाही, इतकंच त्यातून सिद्ध होतं. म्हणून माळेतलं सगळ्यात नवं नाणं शोधा. व्हिक्टोरिया राणीच्या नाण्यावर "क्वीन" असेल तर ते १८७७ पूर्वीचं, "एम्प्रेस" असेल तर १८७७ पासून पुढचं. पोर्तुगीज रुपियांत राजा लुईशचे १८८१ आणि १८८२ चे आणि कार्लुशचे १९०३-०४ चे घरोघरी सापडतात. रुपिया सोळा तांगांचा होता. १९५८ नंतर त्याच्या जागी इश्कुद आला, एका रुपियाला सहा इश्कुद. आणि एक नीट पाहा: एखादंच नाणं नंतर जोडलेलं नाही ना? त्याच्या कडीचा डाग, म्हणजे झाळलेला सांधा, बाकीच्या कड्यांपेक्षा वेगळा दिसतो.

सोनं. "पणजीच्या पाटल्या" म्हणतात त्या बहुतेक वेळा पणजीच्या सोन्याच्या असतात, पणजीच्या घडणीच्या नव्हेत. दर पिढीने मोडून नवं घडवलेलं असतं. बीआयएसचा हॉलमार्क असेल तर घडण २००० नंतरची. सहा अक्षर-अंकी एचयूआयडी (दागिन्याचा ओळख क्रमांक) असेल तर २०२१ नंतरची. म्हणून "किती जुनं?" यापेक्षा "आधी काय होतं आणि ते कधी, कशासाठी मोडलं?" हे विचारा. मुलीचं लग्न, शिक्षण, घरावरचं कर्ज, हे सगळं या प्रश्नातूनच बाहेर येतं. जुन्या यादीत वजन तोळे, मासे आणि गुंजांत असेल तर हिशोब असा: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, आणि तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम.

चिनी माती, यंत्रं, फोटो. बशी उलटी करून बघा. "ऑक्युपाइड जपान" असा ठसा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ताब्याच्या काळातला, १९५२ पर्यंतचा. "वेस्ट जर्मनी" म्हणजे १९४९ ते १९९०. सिंगर शिलाई मशीनच्या क्रमांकावरून ते कुठल्या वर्षी बनलं हे शोधता येतं. फोटोच्या मागचा स्टुडिओचा शिक्का नेहमी वाचा. "नोवा गोवा" हे १८४३ पासून पणजीचं सरकारी नाव. "लोरेन्सु मार्किश" असेल तर घरातलं कोणीतरी मोझांबिकला होतं, आणि फोटो १९७६ पूर्वीचा. त्या वर्षी शहराचं नाव बदलून मापुतो झालं.

सावधान: फ्रेममधला फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका. काचेसकटच त्याचा फोटो काढा.

## ५. माणसांना विचारणं

वस्तू आणि त्यांची नोंद हातात आल्याशिवाय म्हाताऱ्या माणसांकडे जाऊ नका. "घराण्याबद्दल काही सांगा" म्हटलं की ठरलेली गोष्ट मिळते: मूळ पुरुष कुठून आला, देव कुठला, पराक्रम कुठला. हातात कळशी दिली की माणूस त्या कळशीबद्दल बोलतं.

"ही किती जुनी?" असं विचारू नका, कारण उत्तर "शंभर वर्षं" हेच येतं. विचारा: तुम्ही पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती कुठे असायची? रोज वापरात होती की चवथीलाच (गणेश चतुर्थीलाच) बाहेर निघायची? तिला कोण हात लावायचं आणि कोणाला लावू देत नसत? काळ ठरवायला मोठ्या घटनांचा आधार घ्या: १९५४-५५ मध्ये सुरू झालेली नाकेबंदी, १९ डिसेंबर १९६१ ची मुक्ती, जानेवारी १९६७ चा ओपिनियन पोल (गोव्याच्या विलीनीकरणावरचा जनमत कौल). "मुक्तीआधी होती का?" याचं उत्तर बहुतेकांना अचूक देता येतं.

दोघांना एकत्र बसवून विचारू नका. थोरला बोलला की धाकटा मान डोलावतो. वेगवेगळं विचारलं की फरक दिसतात, आणि तपास त्या फरकांतूनच पुढे जातो. बोलणं कोकणीत असेल तर कोकणीतच लिहून घ्या. मराठी करताना "मावळण" (आत्या) की "मावशी" असली नाती सरकतात.

आणि बायकांना विचारा. सून म्हणून आलेलीने घरात शिरताना काय होतं ते नव्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं. लग्न होऊन गेलेल्या मुलींकडे घरातल्या निम्म्या वस्तू गेलेल्या असतात, म्हणून सावंतवाडी, कारवार, बेळगाव, मुंबई इथल्या आत्यांना फोन करा, त्यांच्याकडच्या भांड्यांचे फोटो मागवा. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलत आलं आहे, तेव्हा प्रत्येक बाईची दोन्ही नावं, माहेरचं आडनाव आणि गाव यांची वेगळी यादी करा.

चवथ पावसात येते, पण फक्त विचारपूस करायला सगळ्यात चांगला काळ तोच. मूळ घरी सगळे जमलेले असतात. पण पहिल्या दिवशी नको, घरात कोणाला उसंत नसते. दुसऱ्या दिवशी दुपारी बसा.

तपासणी: प्रत्येक गोष्टीपुढे सांगणाऱ्याने ती स्वतः पाहिली की ऐकली, हे लिहिलंय का?

## ६. कागदांशी मेळ

घराण्याचे बहुतेक कागद बापाकडची बाजू सांगतात. कोमुनिदादीतली (गावच्या सामायिक जमिनीच्या संस्थेतली) गांवकारांची वांगडवार म्हणजे कुळवार नोंद, जोण म्हणजे गांवकाराचा वार्षिक हिस्सा, देवस्थानाच्या महाजनांच्या जुन्या याद्या या सगळ्यांत पुरुषच आहेत. पणजीचं माहेर त्यात सापडणार नाही. ते सापडतं भांड्यांत, दागिन्यांत आणि देवघराच्या कोपऱ्यात. म्हणून वस्तूंचा तपास हा वंशावळीला शोभा आणण्यासाठी नाही. वंशावळीतली रिकामी अर्धी बाजू त्यातून भरते.

दोन कागद मात्र बायकांपर्यंत पोचवतात, आणि ते आधी शोधा.

पहिला, पोर्तुगीज काळातला जन्माचा सर्तिदांव, म्हणजे दाखला. त्यात आई-वडिलांसोबत दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावं असतात. म्हणजे १९२५ साली जन्मलेल्या माणसाच्या एका सर्तिदांवात आईच्या आईचं नाव मिळू शकतं. तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे चौकशी करा. जुनी पुस्तकं पणजीच्या पुराभिलेख खात्यात असतात. जन्मतारखेवर मात्र डोळे मिटून विश्वास नको, नोंद कधी कधी बऱ्याच उशिरा केलेली असते. नोंदीची तारीख आणि जन्माची तारीख दोन्ही उतरवून घ्या. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाआधीच्या हिंदू घरांच्या अशा नोंदी क्वचितच मिळतात.

दुसरा, इन्व्हेंटारी. माणूस वारल्यावर वाटपासाठी कोर्टात झालेल्या या कामात वारसांची नावं, विधवेचा अर्धा हिस्सा आणि मालमत्तेची यादी असते. लोक फक्त जमिनीची पानं झेरॉक्स करून आणतात आणि जंगम मालमत्तेची सोडून देतात. तुम्हाला तीच हवीत. सोनं, चांदी, तांब्याची भांडी, फर्निचर असं किमतीसह लिहिलेलं असतं. तुमच्या वहीतलं वजन त्या यादीतल्या वजनाशी जुळलं, तर याहून पक्का पुरावा घरगुती वस्तूला मिळत नाही. फाईलचा उल्लेख अनेकदा नंतरच्या इश्क्रितुरीत (दस्तऐवजात) असतो, म्हणून ती पूर्ण वाचून घ्या.

छापील चिन्हंही वाचा. सरकारी कागदावर पोर्तुगीज मुकुट असेल तर तो ऑक्टोबर १९१० पूर्वी छापलेला. नंतर "रिपब्लिका" येतं.

मोडीतले कागद अंदाजाने वाचू नका. जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या, आणि भाषांतर नव्हे, अक्षरशः लिप्यंतर मागा. तारखेत सुहूर सनाचे अरबी शब्द असतील तर त्यात ५९९ किंवा ६०० मिळवून इसवी सन येतं. लिपी मोडीही नाही आणि कन्नडही नाही असं वाटलं तर ती गोंयकानडी, म्हणजे गोव्यातली एक जुनी लिपी, असू शकते. तिचे वाचक फार थोडे आहेत, म्हणून मूळ कागद कोणाच्या हाती देऊ नका, फोटो द्या.

## ७. दैवतावरून गाव

कुळदेवावरून जुन्या गावाची दिशा मिळते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालच्या गावांतले देव पलीकडे हलवले गेले: कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ आणि कोलव्याची महालक्ष्मी बांदिवड्याला. देवघरातला टाक यांपैकी कोणाचा असेल तर शोध दोन्ही गावांत घ्या.

पण कुळदेव केळशीचा म्हणून पणजोबा केळशीत राहत होते असं लिहू नका. मधे चारशे वर्षं आहेत, आणि त्या काळात कुटुंबं पेडण्यापासून कारवारपर्यंत फिरली आहेत.

## ८. निष्कर्ष लिहिणं

आता पानाच्या तळाशी दोन-तीन ओळी लिहा आणि त्यापुढे एक शब्द: पक्कं, संभाव्य किंवा ऐकीव. वस्तूवरची खूण, स्वतः पाहिलेल्या माणसाची आठवण आणि कागद यांतलं कुठलंही दोन जुळलं तर पक्कं. एकच असेल तर संभाव्य. फक्त घरातली गोष्ट असेल तर ऐकीव. ऐकीव खोडू नका. काही वर्षांनी एखादा कागद सापडतो आणि ते पक्कं होतं.

घराण्याला न शोभणारं काही निघालं, म्हणजे गहाण पडलेलं सोनं, दुसरं लग्न किंवा यादीतून वगळलेली विधवा, तर तेही लिहा. हयात माणसाला दुखावणारं असेल तर ते पान सध्या सगळ्यांना दाखवू नका, पण फाडू नका.

## ९. जपणूक आणि वाटप

कागदांना लॅमिनेशन करू नका, ते परत सोडवता येत नाही. घड्या उघडून, आम्लरहित कागदात गुंडाळून, भिंतीपासून दूर आणि जमिनीपासून उंच ठेवा. डांबरगोळ्या कागदाला किंवा जरीला टेकू देऊ नका. जुन्या जरीच्या साड्या वर्षातून एकदा सावलीत उघडून वेगळ्या घडीवर घाला, नाहीतर घडीवरच चिरतात. फोटोमागे लिहायचंच असेल तर कडेला, मऊ पेन्सिलीने.

सावधान: शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखितं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकतात. परदेशातल्या भावाच्या बॅगेत देण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याला विचारा. हस्तिदंताची वस्तू असेल तर विकू नका, वनखात्याकडे चौकशी करा.

वाटप करताना संच फोडावा लागला तर फोडा, पण प्रत्येक भागासोबत वहीतल्या त्या पानाची प्रत जाऊ द्या आणि मूळ पानावर तो भाग आता कोणाकडे, कुठल्या गावी गेला हे तारखेसह लिहा. क्रमांकाची कापडी पट्टी भांड्यावरून काढू नका. वहीच्या निदान तीन प्रती वेगवेगळ्या घरांत ठेवा, आणि त्यांतली एक लग्न होऊन गेलेल्या मुलीच्या घरी.